उकिडवं बसायला पाच मार्क

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. कारण सांगतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गावाकडे, म्हणजे अर्धापूरला गेलो होतो. रात्री पाऊस होऊन गेलेला. सकाळी केळीत एक चक्कर मारावी म्हणून बांधावरून निघालो आणि आमच्या काळ्या मातीने हिसका दाखवला. उजवं पाऊल जागेवर रुतून राहिलं आणि बाकीचा मी वळलो. ‘कट्’ असा आवाज माझा मला ऐकू आला. पुढचं सगळं नेहमीचं. चुलतभावाची जीप, नांदेड, एक्स-रे, ऑपरेशन. घोट्याच्या बाहेरच्या हाडाला एक प्लेट, सात स्क्रू.

आता तुम्ही म्हणाल, दुखण्याचं पुराण लावलं याने. तसं नाही. खरी गोष्ट पुढेच आहे.

दोन आठवड्यांनी टाके काढले तेव्हा तरुण डॉक्टर म्हणाले, "आता पाय टेकायचा. हा बूट घाला, वॉकर धरा आणि सोसेल तेवढं वजन टाका." घरी येऊन मी पहिलं पाऊल टाकलं, तर आई आतून ओरडली, "पाय टेकू नको म्हनलं न! पुन्हा मोडून घ्यायलास का?"

तिचं ओरडणं साहजिक होतं. २०११ मध्ये ती मोरीत घसरून पडली होती. तोच घोटा, तशीच प्लेट. तिला सांगितलं होतं, सहा आठवडे प्लास्टर आणि त्यानंतर आणखी सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. तिने ते व्रत पाळावं तसं पाळलं. प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी वाळून काठी झालेली, आणि घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा. तो पुन्हा कधी पुरता वाकला नाही.

डॉक्टरांनीच पाय टेकायला सांगितलंय हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझे तीन महिने फुकटच गेले का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. पण पाय उशीवर ठेवून बसलेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो. म्हणून वाचत सुटलो. मोडलेल्या घोट्याचं माणसाने आजवर काय काय केलं, कोणी सांगितलं, कशाच्या आधारावर सांगितलं. त्यातलं जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय, थोडं तुमच्यासाठी, जास्त आईसाठी. (एक आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. हे वाचून कोणी आपापलं प्लास्टर कापू नका.)

पण त्याआधी आमच्या घरातला तिसरा घोटा. काळाच्या हिशोबाने खरं तर पहिला.

७२ चा दुष्काळ. मी चार वर्षांचा, त्यामुळे हे सगळं ऐकीव. आजी दुष्काळी कामावर जायची. तलावाच्या भरावावर मातीचं टोपलं डोक्यावर घेऊन चढायचं, रिकामं करून उतरायचं. लाल मिलो आणि सुकडीचे दिवस ते. उतरताना दगडावरून तिचा पाय गेला. मुरगळला असेल म्हणून दोन दिवस शेक दिला, तिसऱ्या दिवशी पाय सुजून भोपळा. तेव्हा नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. मराठवाड्यातलं पहिलं १९५६ साली औरंगाबादला झालं होतं, नांदेडचं व्हायला १९८८ उजाडलं. आजीसाठी शेजारच्या गावचे हाडवैद्य आले. त्यांनी चाचपून पाहिलं, ओढून बसवलं, आंबेहळद अंड्याच्या पांढऱ्यात कालवून लेप दिला, वर बांबूच्या कामट्या आणि धोतराच्या चिंध्या बांधल्या. महिना झाला न झाला तोच आजी काठी धरून चालायला लागली. घरी बसून भागणार नव्हतं. पाऊल जरा बाहेर कललेलं राहिलं, शेवटपर्यंत ती लंगडत चालली. पण उकिडवी बसायची. चुलीपुढे, खुरपताना, गवऱ्या थापताना. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हाडवैद्याने केलं त्यातलं बरंचसं फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर वेगळे अध्याय आहेत. घोट्याला तिथे गुल्फ म्हणतात. हाड निखळणं आणि हाड मोडणं असे दोन मुख्य प्रकार, त्यात निखळण्याचे सहा आणि मोडण्याचे बारा. वड, पिंपळ, उंबर, पळस अशा झाडांच्या साली किंवा बांबू कामट्यांसारखे लावून बांधायचं. पट्टी सैल झाली तर सांधा पक्का राहत नाही, फार आवळली तर सूज आणि ठणका. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडायची, मधल्या ऋतूंत पाच, उन्हाळ्यात तीन. तरुणाचं हाड महिन्यात जुळतं, मध्यम वयात दुप्पट वेळ, उतारवयात तिप्पट. मांडी किंवा पाय मोडला असेल तर रोग्याला ‘कपाटशयना’वर झोपवायचं. कपाट म्हणजे दाराची फळी. त्या फळीला पाच खुंट्या ठोकून पाय असा अडकवायचा की हलता कामा नये.

पण याच अध्यायात हाताचा तळवा मोडला तर काय करावं हेही आहे. जुळून आल्यावर रोग्याच्या हातात आधी शेणाचा गोळा द्यायचा, मग मातीचा, आणि हातात बळ आलं की दगड. म्हणजे आज फिजिओथेरपीवाले रबरी चेंडू देतात तेच! हलू द्यायचं नाही, आणि मग हळूहळू हलवायचं. दोन्ही गोष्टी तिथे आहेत. यातलं एक कधी संपवायचं आणि दुसरं कधी सुरू करायचं, हाच पुढचा सगळा वाद आहे.

दारावरून आठवलं. १७५६ साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचे नामांकित सर्जन घोड्यावरून पडले. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. गर्दी त्यांना उचलायला लागली तर ते कोणाला हात लावू देईनात. रस्त्यावरच पडून राहिले आणि तिथल्या तिथे एक दार विकत घेतलं! पालखीवाले भोई बोलावले, त्यांचे दांडे दाराला ठोकायला लावले आणि त्यावर आडवे होऊन घरी गेले. घरी जमलेल्या सर्जनांनी पाय कापायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी पॉटचे जुने गुरू आले आणि पाय वाचवून पाहू म्हणाले. पाय वाचला. बारा-तेरा वर्षांनी पॉटनी हाडं मोडण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात घोट्याच्या वर मोडणाऱ्या बारीक हाडाचं आणि त्याबरोबर तुटणाऱ्या आतल्या शिरांचं वर्णन केलं. म्हणून घोट्याच्या मोडीला ‘पॉट्स फ्रॅक्चर’ नाव पडलं. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की पॉटचा स्वतःचा घोटाच मोडला होता. मोडलं होतं वरचं हाड. असो.

पॉटनी काय सांगितलं? गुडघा वाकवून ठेवा म्हणजे स्नायू सैल पडतात आणि हाड सहज बसतं. हे त्यांनी निरीक्षणातून सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं ते पॉट सांगतात म्हणून. पुढे पॅरिसमध्ये १८१९ साली द्युप्युत्रॅं आणि १८४० साली मेझोनव यांनी प्रेतांचे पाय पिळून घोटा नेमका कसा मोडतो याचा शोध घेतला. १८५१ मध्ये मातायसन या डच लष्करी डॉक्टरने कापडी पट्ट्यांत जिप्समची पूड चोळून, पाण्यात भिजवून पायाला गुंडाळली. आपलं प्लास्टर ते हेच. लढाईवरच्या माणसाला फळीवर न झोपवता हलवता यावं म्हणून निघालेली ही युक्ती.

मोडलेलं हाड बसवायचं तर रोगी शुद्धीवर नसलेला बरा. इथे आपल्या भागाचाही एक धागा आहे. अर्धापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन कमिशनं बसली. एडवर्ड लॉरी हे तिथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुख. त्यांचं ठाम मत की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय थेट थांबत नाही, तेव्हा श्वासावर लक्ष ठेवलं की झालं. पहिल्या कमिशनचा निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’ला पटेना, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन तिकडचा तज्ज्ञ बोलावला. लॉडर ब्रंटन आले, शेकडो कुत्र्यांवर आणि माकडांवर प्रयोग झाले, आणि लॉरींचंच म्हणणं खरं ठरवलं गेलं. पुढे १९११ मध्ये लेव्ही या इंग्रज डॉक्टरने दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून माणूस दगावू शकतो. म्हणजे एवढा खर्च, एवढे प्रयोग, आणि उत्तर अपुरंच. पाहणाऱ्याने काय शोधायचं हे आधीच ठरवून घेतलं असेल तर आकडे कितीही मोठे असोत, जे शोधलंच नाही ते त्यात सापडत नाही. ही हैदराबादची गोष्ट वाचून मी तशीच पुढे गेलो होतो. नंतर परत यावं लागलं.

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनना एक्स-रे सापडले आणि मोडलेलं हाड कातडीबाहेरून दिसायला लागलं. पण त्याच सुमारास एक मोठं भांडणही रंगलेलं होतं. एका बाजूला लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस. त्यांचा मंत्र विश्रांती. सक्तीची, अखंड आणि लांबलचक. गंमत म्हणजे हे थॉमस पिढीजात हाडवैद्यांच्या घरातले! वडिलांकडे पदवी नव्हती, त्यापायी त्यांच्यावर खटले झाले, म्हणून त्यांनी मुलांना डॉक्टर केलं. दुसऱ्या बाजूला पॅरिसचे लुका-शांपिऑनिएर. ते म्हणायचे, सांध्याजवळची मोड जखडून ठेवाल तर हाड जुळेल पण सांधा जाईल. मालिश करा, लवकर हलवा. दोघांकडे बरे झालेले रोगी होते आणि दोघांकडे ठासून बोलण्याची हातोटी. जिंकली विश्रांती. आईचे तीन महिने शोधत मागे मागे गेलो तर वाट याच भांडणापर्यंत येते.

आता घोटा म्हणजे काय ते दोन ओळींत. दाराची चौकट डोळ्यांपुढे आणा. नडगीचं खालचं टोक आणि शेजारच्या बारीक हाडाचं टोक मिळून ही चौकट होते. आपण ज्यांना आतला घोटा, बाहेरचा घोटा म्हणतो ते तिचे दोन उभे खांब. त्यांच्या मध्ये पावलाचं वरचं हाड बसतं आणि वर-खाली फिरतं. खांब मोडला की चौकट सैल होते. १९७६ मध्ये रॅम्झी आणि हॅमिल्टन या दोघांनी तेवीस घोटे मोजून एक आकडा काढला, तो पुढे प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केला. आतलं हाड एक मिलिमीटर जरी बाहेर सरकलं तरी एकमेकांना टेकणारा पृष्ठभाग सरासरी ४२ टक्क्यांनी कमी होतो. एक मिलिमीटर! त्या मानाने आजीचं पाऊल किती सरकलं असेल देव जाणे.

मग चौकट पक्की कशी करायची? १९५० च्या आसपास लाउगे-हान्सेन या डॅनिश डॉक्टरने कापलेले पाय जखडून, वेगवेगळ्या दिशांनी पिळून, कुठल्या पिळाने काय तुटतं याची वर्गवारी लावली. बेल्जियमचे रॉबेर दानी प्लेट-स्क्रूने हाडं घट्ट जोडत होते, त्यांचं पुस्तक १९४९ चं. ते पाहून आलेल्या मॉरिस म्युलर यांनी १९५८ मध्ये तेरा स्विस सर्जनांची ‘एओ’ नावाची मंडळी जमवली. १९६६ मध्ये त्यांच्यातल्याच वेबर यांनी घोट्याच्या मोडीचे ए, बी, सी असे सुटसुटीत प्रकार केले. माझा बी. एओवाल्यांचा मूळ आग्रह काय होता? हाड प्लेटने एवढं पक्कं करा की सांधा लगेच हलवता येईल. प्लेट होती ती हालचालीसाठी. पण प्लेट जगभर पोचली तेव्हा तिच्यावरून पुन्हा सहा आठवड्यांचं प्लास्टर चढलं, कारण मोडला म्हणजे सहा आठवडे हे सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. आईच्या पायात एओची प्लेट होती आणि वर थॉमस यांची विश्रांती.

आमच्या हाडवैद्यांची वेलही एकदा प्रयोगशाळेत गेली बरं का. कांडवेल, तिलाच हाडसांधी म्हणतात. साठच्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. उडुपा आणि प्रसाद यांनी हाडं मोडलेल्या जनावरांना ती देऊन पाहिली आणि हाड लवकर भरतं असं नोंदवलं. जनावरांत. म्हणजे ज्याला लोक नुसतंच गावठी म्हणत होते त्यावर कोणीतरी मोजून पाहायची तसदी घेतली, एवढं तरी झालं.

मोजून पाहायची खरी रीत मात्र हाडांकडे उशिरा आली. रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, म्हणजे डॉक्टरची आवड-निवड मध्ये येत नाही. एका गटाला हे, दुसऱ्याला ते, आणि शेवटी हिशोब. १९४८ मध्ये इंग्लंडात क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनने ही रीत गाजली. आपल्याकडेही क्षयाने मोठं काम केलं. मद्रासला १९५६ पासून जवळपास दोनशे रोग्यांच्या चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, अर्ध्यांना घरी औषध दिलं. १९५९ मध्ये निकाल आला. दाटीवाटीच्या घरांत, बेताचं खाऊन, कामधंदा सांभाळून राहिलेले लोक जवळजवळ तितकेच बरे झाले होते. पलंगावरची सक्तीची विश्रांती क्षयातून अशी गेली. घोट्यातून जायला आणखी पन्नास-साठ वर्षं लागली.

अलीकडच्या दहा वर्षांत मात्र भराभर निकाल आले. थोडक्यात सांगतो.

२०१५, ऑस्ट्रेलिया, २१४ रोगी. प्लास्टर निघाल्यावर एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम, दुसऱ्याला एकदाच बसवून नीट समजावून सांगितलं. फरक पडला नाही.

२०१६, इंग्लंड आणि वेल्स, साठीच्या पुढचे ६२० लोक, चौकट सैल झालेले घोटे. अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना भूल देऊन अंगाबरोबर बसणारं खास प्लास्टर. सहा महिन्यांनी शंभरपैकी गुण ऑपरेशनला ६६, प्लास्टरला ६४.५. जखम चिघळणं वगैरे ऑपरेशनवाल्यांत १० टक्के, प्लास्टरवाल्यांत १. उलट हाड वाकडं जुळणं प्लास्टरवाल्यांत १५ टक्के, ऑपरेशनवाल्यांत ३. आणि प्लास्टरवाल्यांतल्या पाचातल्या जवळपास एकाला शेवटी ऑपरेशन लागलंच.

म्हणजे एक्स-रेत वाकडं दिसणारं हाड आणि रोग्याचं चालणं-फिरणं यांचं गणित आपण समजतो तितकं सरळ नाही, निदान सहा महिन्यांपुरतं तरी. आजीची आठवण इथे आली.

२०१९, फिनलंड, २४७ रोगी, बाहेरचंच हाड मोडलेलं पण चौकट पक्की. सहा आठवड्यांऐवजी तीनच आठवडे प्लास्टर किंवा साधा पट्टा. वर्षानंतर सगळे सारखे. २०२१, ब्रिटन, ६६९ रोगी, प्लास्टर की काढता-घालता येणारा पट्टा? चार महिन्यांनी सारखेच.

आणि २०२४, ‘लॅन्सेट’, ब्रिटनमधली २३ रुग्णालयं, ५६१ रोगी. नाव ‘वॅक्स’. माझ्यासारखं ऑपरेशन झालेल्यांपैकी अर्ध्यांना दोन आठवड्यांनी पाय टेकायला सांगितलं, अर्ध्यांना सहा आठवड्यांनी. लवकर टेकणारे कुठेच मागे पडले नाहीत, गुंतागुंतही दोन्हीकडे जवळपास सारखीच. आमचे तरुण डॉक्टर बोलले ते बहुधा याच्याच जोरावर.

हे वाचून मी जरा तावातच आईकडे गेलो. "आई, तुझ्या वेळी हे कोणाला नक्की माहीतच नव्हतं. सगळीकडे तसंच सांगायचे." हे तिला पटलंही. पण तिने विचारलं, "ते पाचशे लोक कसे होते? माझ्यासारखे होते का?"

परत येऊन तो निबंध नीट वाचला. कोणाला घेतलं नाही याची यादी त्यात असते, जी आपण ओलांडून पुढे जातो. ज्यांच्या घोट्याला संवेदना नाही, त्यांना घेतलेलं नव्हतं. त्यात कारणही आहे. दुखणं कळत नसेल तर माणूस सोसेल तेवढं वजन टाकणार कसं? आता आईला वीस वर्षांपासून शुगर आहे. पायातली चप्पल निसटली तरी तिला कळत नाही, अंगणातून एका चपलेवर घरात येते. म्हणजे ती त्या ५६१ मध्ये बसलीच नसती. तिचे तीन महिने फुकट गेले की त्यांनीच तिचा पाय वाचवला, हे त्या निबंधावरून सांगताच येत नाही.

तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मला धरलंच नाही म्हण की."

मग तो शंभरपैकी गुणांचा तक्ता बघितला. स्वीडनच्या ओलेरुद आणि मोलांडर यांनी १९८४ मध्ये केलेला, आणि २०१६ च्या त्या अभ्यासातले गुण याच तक्त्याचे. दुखण्याला २५ गुण, आखडण्याला १०, सुजेला १०, जिना चढण्याला १०, काठी-कुबडीविना चालण्याला १०, कामधंद्याला २०. पळायला ५, उडी मारायला ५, आणि उकिडवं बसायला ५. झाले शंभर.

उकिडवं बसायला पाच मार्क!

स्वीडनमध्ये ते बरोबरच असेल. तिथे कोण कशाला उकिडवं बसेल? पण आमच्याकडे खुरपणी, हळदीची वेचणी, चूल, मोरी, परसाकडे जाणं, देवापुढे बसणं, पंगतीत बसणं... आईला गेल्या चौदा वर्षांत जे जे सोडावं लागलं ते सगळं या पाच मार्कांत आलं. पायरी ती चढते. चालते. दुखत फारसं नाही. तक्त्याने तिला बरे मार्क दिले असते. पण ती लग्नात पंगतीला बसत नाही, तिला बाजूला खुर्ची टाकून ताट देतात, आणि याच कारणासाठी ती अर्ध्या लग्नांना जातच नाही. केशवराजाच्या देवळात गेली तर उभ्यानेच हात जोडून येते. आणि आजी, जिचं पाऊल एक्स-रेत पाहून कुठल्याही डॉक्टरने कपाळाला हात लावला असता, ती ऐंशीव्या वर्षापर्यंत चुलीपुढे उकिडवी बसून भाकरी थापत होती.

यावरून हाडवैद्यच बरा असा अर्थ कृपया काढू नका. आजीचं नशीब चांगलं होतं. करकचून बांधल्याने पाय काळे पडून कापावे लागलेले लोकही आमच्या भागात मी पाहिलेत, आणि त्यांची गोष्ट कोणी कौतुकाने सांगत नाही. एका आजीवरून काही सिद्ध होत नाही, तसं एका आईवरूनही नाही. म्हणून तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, पाचशे माणसं मोजावी लागतात. त्या मोजणाऱ्यांमुळेच मी आज चार आठवडे लवकर चालतोय, त्यांचे उपकार आहेतच.

मला फक्त हैदराबादची ती कमिशनं परत आठवली. तक्त्यात जे विचारलं नाही ते उत्तरात येत नाही. नांदेड, लातूर, अंबाजोगाई, तिन्हीकडे आता वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अपघात विभागात मोडलेल्या घोट्यांना तोटा नाही, आणि त्यातले किती तरी शुगरवाले. कोणीतरी तिथे बसून इथल्या माणसांना विचारायला हवं, तुम्हाला बरं होणं म्हणजे काय? मांडी घालता येते का? पहाटे परसाकडे एकटीला जाता येतं का? पंगतीत बसता का? मार्क कशाला किती द्यायचे हे त्यांनीच ठरवावं. हे काही महागडं काम नाही, चिकाटीचं आहे.

परवा जेवणं झाल्यावर मी आईपुढे उकिडवं बसून दाखवलं. उजवी टाच बोटभर उचललेली राहते, डॉक्टर म्हणतात वर्षभर तरी सुधारत जाईल. आई खुर्चीवरून बघत होती. म्हणाली, "टाच टेकव पुरी." नाही टेकली. "बस रोज थोडं थोडं," म्हणाली, आणि मग खुर्चीला धरून तिने स्वतः थोडं वाकून पाहिलं. गुडघा वाकला, घोटा नाही. पुन्हा बसली.

"राहू दे," म्हणाली. "तूच बस. मी बघते."

तेव्हापासून रोज रात्री बसतो. शेणाचा गोळा झाला, आता मातीचा चालू आहे म्हणायचं. तुमच्या घरात असा एखादा जुना घोटा असेल तर त्या माणसाला एकदा विचारून बघा, दुखतं का हे नको, काय करायचं सोडलं ते विचारा. आणि जमलं तर मला कळवा.